दुसरी प्रत

भिंतीवर पाल चुकचुकावी तसा आवाज झाला आणि स्वयंपाकघरात कणीक मळत असलेल्या प्रतिभाने सवयीने ओट्यावर बोट टेकवून "कृष्ण, कृष्ण" म्हटलं. हौशीरामने वर पाहिलं. भिंतीवर पाल नव्हती, ट्यूबलाइटच्या पट्टीमागेही नव्हती. आवाज पुन्हा झाला. तीनदा, अगदी सारख्या अंतराने. सजीव प्राणी इतक्या सारख्या अंतराने काहीही करत नाही, हे ध्यानात येताच त्याने वाकून टेबलाखालच्या संगणकाच्या पेटीला कान लावला. आत हार्ड डिस्क टकटकत होती. तबकडीवरचं वाचणारा इवलासा हात आपली जागा शोधायला निघत होता, चुकत होता, मूळ ठिकाणी येऊन पुन्हा निघत होता. खाली रस्त्यावर नाशिककडे जाणारे ट्रक खिडकीच्या काचा थरथरवत होते, जीपवाले "मंचर, पेठ, मंचर, पेठ" असं एका दमात ओरडत होते, आणि नारायणगावच्या रविवार सकाळच्या त्या गलक्यात ही टकटक म्हणजे काहीच नव्हतं. तरी त्याने मान वर करून पडद्याकडे पाहिलं. पडद्यावर एक फोटो अर्धाच उतरून थांबला होता. वरच्या भागात कौलं, वाशांची टोकं, पडवीचं आढं. खालचा सगळा भाग करडा. त्या करड्या भागात कोण उभं होतं हे हौशीरामला पाहायची गरज नव्हती. तिथे त्याचे वडील उभे होते.

त्यांच्यासाठीच तो सकाळपासून बसला होता. आठवड्यापूर्वी धाकट्या भावाचा, संपतचा, फोन आला होता. "दादा, आई म्हनती, औंदा पित्रांला आबांचा फोटू भितीवर पायजे. पोरांनी आजा बघितलाच न्हाई. तुझ्याकडं तर लई हायेत म्हनं. एखादा झ्याक बघून मोठा करून आन." हौशीरामने हो म्हटलं होतं. आबांचे फोटो त्याच्याकडे खरोखरच पुष्कळ होते. मात्र आबांचा म्हणून काढलेला त्यात एकही नव्हता. घोड नदीच्या वरच्या अंगाला, डिंभ्याच्या धरणाचं पाणी जिथवर चढणार होतं त्या पट्ट्यात त्यांचं गाव होतं, आणि पाणी चढण्याआधीच्या शेवटच्या उन्हाळ्यात, कॉलेजच्या प्रयोगशाळेचा कॅमेरा मागून आणून, त्याने गावातलं प्रत्येक घर, गोठा, विहीर, भैरोबाचं देऊळ, पाण्याची डोणी असं सगळं टिपून ठेवलं होतं. भावनेने नव्हे. भावनेने काढलेल्या फोटोंत वस्तूंचे आकार कळत नाहीत असं त्याचं मत होतं, आणि तो पदार्थविज्ञान शिकवत होता. म्हणून त्याने माणसाच्या खांद्याच्या वर जाईल अशी एक सरळ सागाची काठी तासून घेतली, तिच्यावर सारख्या मापाचे काळे-पांढरे पट्टे रंगवले, आणि ती काठी धरून प्रत्येक वस्तूशेजारी उभं राहायला कोणीतरी लागतं म्हणून आबांना उभं केलं. "मला कशाला रं मधी?" आबा म्हणाले होते. "माप कळायला." "अरं, केवढं घर हाय ते मला इचार की. मी बांधलंय." पारावर बसलेला भिका मोठ्याने हसला होता: "भागूबाबा, लेकानं शिकून येऊन बापाचा खांब केला राव!" आबाही हसले होते, आणि खांबासारखेच सगळा उन्हाळा दारोदार उभे राहिले होते. "आबा, सरळ उभे राहा. काठी तिरकी होतेय." "काठी तिरकी व्हती का मी?" "काठी." "मंग ठीक." सूर्य नेहमी फोटो काढणाऱ्याच्या पाठीशी असावा हा नियम तो काटेकोरपणे पाळत होता, साहजिकच ऊन नेहमी आबांच्या डोळ्यांत होतं.

पुढे निगेटिव्हना बुरशी लागली. पश्चिमेकडच्या पावसात चामड्याच्या चपलांना लागते तशी, पांढरी, मऊ, केसाळ. ती गाव खाऊन टाकायच्या आत त्याने पुण्याला जाऊन सगळ्या निगेटिव्हवरून फोटो संगणकात उतरवून घेतले, कुजक्या निगेटिव्ह टाकून दिल्या, आणि परतीच्या एसटीत त्याला एक प्रकारचं निर्मळ समाधान वाटलं होतं. अंकांना बुरशी लागत नाही. आबा त्याच्या कितीतरी आधी, नव्या जागेतल्या दुसऱ्याच वर्षी, कावीळ होऊन गेले होते. त्या समाधानात त्यांचा विचार होता की नव्हता, हे आता आठवू पाहताना त्याला नीट सांगता येईना.

"गेलं का सगळं?" प्रतिभाने दारात येऊन विचारलं. तिच्या हातांना कणीक होती. "जाईल कसं? डिस्क कुरकुरतेय, एवढंच. ती पूर्ण पुसून घेतो. सगळीकडे शून्यं लिहिली की कच्च्या जागा आपोआप बाजूला पडतात. मग प्रतीवरून परत भरायचं." "आणि प्रत नीट आहे ना?" "दोन आहेत. एक आपल्या कपाटात, एक पेठला आईकडे. वेगवेगळ्या ठिकाणी ठेवतात. घर जळलं तरी एक राहते." "घर कशाला जाळताय सकाळी सकाळी," असं म्हणून ती आत गेली. त्याने पुसण्याचा हुकूम दिला. यंत्राने रीतीप्रमाणे विचारलं, सगळा मजकूर कायमचा जाईल, नक्की ना? यंत्राला असं दोनदा विचारायला शिकवणाऱ्या माणसाचं हौशीरामला नेहमी कौतुक वाटे. त्याने होकाराची कळ दाबली आणि पडद्यावर एक निळी पट्टी मुंगीच्या चालीने पुढे सरकू लागली.

पट्टीकडे बघत असताना त्याच्या मनात आलं, आपण आबांचा चेहरा आठवून पाहू. चाचणी म्हणून. त्याने डोळे मिटले. काठी लगेच आली. तिचे पट्टे, वरच्या टोकाशी उडालेला टवका, खालच्या टोकाला लागलेली माती. काठी धरणारा हात आला, अंगठ्याच्या नखावरची विळ्याची जुनी खूण आली. मुंडाशाचा मळका पिवळा रंग आला. त्याखाली जिथे चेहरा यायचा तिथे मात्र ऊन आलं. नुसतं ऊन. त्याने पुन्हा काठीपासून सुरुवात केली, वर सरकत गेला, गळ्यातल्या काळ्या दोऱ्यापर्यंत आला आणि तिथून घसरून परत काठीवर. ही गती आपण आज कुठेतरी ऐकली आहे असं त्याला वाटलं आणि त्याने डोळे उघडले. पडद्यावरची पट्टी भरत आली होती. टकटक थांबली होती. पुसलेली डिस्क आता निरोगी माणसासारखी एकसुरात घुमत होती.

कपाटातल्या सीडींची चळत त्याने बाहेर काढली. प्रत्येक सीडीवर गोल कागदी लेबल होतं, त्यावर त्याच्या छापील वाटाव्या अशा अक्षरांत आळीचं नाव आणि घरांचा क्रम. पहिली सीडी यंत्राने आत घेतली, बराच वेळ गरगरवली आणि बाहेर ढकलली. दुसरी तशीच. तिसरी. त्याने चौथी उजेडासमोर धरली तेव्हा कारण दिसलं. लेबलाच्या गोंदाने खालचा चकचकीत थर धरून ठेवला होता, आणि कागद दमट हवेत आक्रसताना तो थर त्याने आपल्याबरोबर उचलला होता. सीडीतून खिडकी दिसत होती, खिडकीतून समोरच्या इमारतीवरची पाण्याची टाकी. त्याने सगळ्या सीडी अशाच उजेडासमोर धरल्या. कुठे पानाला कीड लागावी तशी भोकं, कुठे पूर्ण आळी पारदर्शक. सीडी लिहून झाल्यावर ती वाचता येते का हे तपासणारा एक पर्याय असतो. त्याला वेळ लागतो म्हणून त्याने त्या वेळी त्यावरची खूण काढून टाकली होती, हेही त्याला आता अगदी स्पष्ट आठवलं. वर्गात मात्र तो मुलांना सांगत असे, एका वाचनावर कधीही विश्वास ठेवू नका.

"पण आईकडच्या सीडींना लेबलं नाहीत," तो जेवताना एकदम मोठ्याने म्हणाला. "लेबलं संपली होती. मी त्यांच्यावर नुसत्या पेनने लिहिलं होतं." प्रतिभाने त्याच्या ताटाकडे पाहिलं, त्यातली पोळी तशीच होती. "मग जाऊन घेऊन या ना," ती हळूच म्हणाली. "नाहीतरी जायचंच होतं. आईंना बरं वाटेल."

जीपमध्ये तो मागच्या बाकावर, टोमॅटोचे रिकामे क्रेट मांडीवर घेतलेल्या एका शेतकऱ्याला खेटून बसला. "सरका वाईच, सर. अजून एक पावणं बसत्याल," ड्रायव्हर म्हणाला, आणि एक नव्हे, तीन बसले. मंचर मागे पडलं. पेठचा घाट चढताना इंजिनाचा सूर जड झाला आणि त्या जड शब्दाबरोबर त्याला नारळ आठवला. गाव सोडलं त्या दिवशी देवळातला देव बरोबर न्यायचा होता. शेंदूर फासलेला दगडाचा तांदळा जमिनीत कंबरेइतका रुतलेला. तो हलवायचा नाही, असं भगताचं म्हणणं पडलं. मग देव नारळावर घेतला. भगत घुमला, त्याने गाऱ्हाणं घातलं, आणि नारळ आबांच्या हातात दिला. नव्या जागी नव्या दगडावर तो ठेवायचा, की देव आला. हौशीराम कॅमेरा गळ्यात अडकवून उभा होता. "आबा, देव नारळात आला हे कळलं कसं?" "जड झाला ना." "मग काट्यावर ठेवून बघू या. आधी आणि नंतर." भगताने डोळे वटारले; आबा मात्र तसेच शांत म्हणाले, "ठिव की. पर द्येव हाय त्यो, टमाटं न्हाई." सगळे हसले. ट्रकच्या हौद्यात पेट्या, कणग्या, बांधलेल्या कोंबड्या आणि मध्ये आबा, दोन्ही हातांत नारळ. आणि रस्त्याच्या प्रत्येक खड्ड्याला ते हात असे खाली जात होते की पाहणाऱ्यालाही तो जडच वाटावा. पडताळून न पाहिलेली नक्कल, असं हौशीरामने त्या वेळी मनात म्हटलं होतं. वाक्य त्याला आवडलं होतं. आज जीपमध्ये ते वाक्य त्याच्याच मांडीवर येऊन बसलं, आणि त्यावर शेजाऱ्याचे क्रेटही कलंडले होते.

पेठच्या अलीकडच्या फाट्यावर उतरून तो पुनर्वसनाच्या वस्तीकडे चालू लागला. डोंगरात भात, नाचणी, वरई करणाऱ्या माणसांना इथे सपाटीवर बाजरी मिळाली होती, आणि बाजरीबरोबर तिची पाखरं. ऊन उतरतीला लागलं होतं. लांबूनच त्याला शेतात काहीतरी लुकलुकताना दिसलं. आधी वाटलं पाणी. मग वाटलं, पाणी असं उभं राहून गिरक्या घेत नाही. बांधावर आल्यावर त्याची चाल मंदावली, कारण आता त्याला कळत होतं आणि कळूनही एक पाऊल तरी ते लांबावं असं वाटत होतं. कणसांनी भरलेल्या बाजरीवर ठिकठिकाणी काठ्या रोवल्या होत्या. काठ्यांना सुतळ्या, सुतळ्यांना सीडी. वारा आला की त्या गरकन फिरत आणि उन्हाचे कवडसे कणसांवरून धावत जात. राघूंचा एक थवा आला, शेतावर तिरका झाला आणि शेजारच्या रानात उतरला.

त्याने जवळची सीडी सुतळीसकट हातात धरली. तिच्या कडेला त्याच्याच अक्षराचा उन्हाने फिकट झालेला अवशेष होता. खालची आळी. पाठीचा हिरवट रंग, ज्यात सगळं लिहिलेलं असतं, तो उडून ताकासारखा झाला होता. उन्हाने हा रंग किती दिवसांत जातो हे त्याला माहीत होतं. त्याने सीडी सोडून दिली. ती फिरली आणि पुन्हा आपल्या कामाला लागली.

"आला का रं बाबा? फोटू आनला?" त्याची आई, चिमाबाई, बाजरीतून वाट काढत येत होती. हातात पत्र्याचा रिकामा डबा होता. पाखरं फारच धीट झाली की तो वाजवायचा. तिने त्याच्या खांद्याला हात लावला, मग त्याच हाताची बोटं आपल्या कानशिलावर मोडली. तो सीडींकडेच बघत होता म्हणून तिने त्याच्या नजरेमागे पाहिलं. "ह्या व्हय? लई बेस काम देत्यात. मागल्या साली पन ह्याच व्हत्या. संपत म्हनला, इकत आनू, म्या म्हनलं, घरात हायेत की. आख्ख्या वस्तीत आपलीच बाजरी ऱ्हाती बघ."

"आई, मी त्या जपून ठेवायला दिल्या होत्या."

"जपूनच हायेत. एक बी पडली न्हाई."

"यांत गावाचे फोटो होते. आबांचे."

"ठावं हाय की. तूच सांगितलं व्हतंस, ह्यात आख्खं गाव हाय, आबा हायेत. म्हनलं, मंग राखतील. त्यांचा जलम रानातल्या माळ्यावर बसून पाखरं हाकन्यात गेला. पेटीत ठिवून काय करायचं त्यांनी?" ती हसली, पुढचे दात पडल्यापासून ती हसली की ओठ आत जात. मग त्याचा चेहरा पाहून थांबली. "अरं, तुझ्याकडं हाय ना दुसरं? तुझ्याकडं हाय म्हनून तर म्या हे बाहेर काढलं."

हौशीराम बांधावर बसला. दगड तापलेला होता. आपण नेमकं काय सांगणार आहोत याची जुळणी तो करू लागला, आणि लक्षात आलं की तिचं वाक्य जसंच्या तसं उलट फिरवलं तरी पुरे होतं. "तुझ्याकडे आहे म्हणून मी माझ्याकडचं पुसलं," तो म्हणाला. "आज सकाळी. डिस्क बिघडत होती. घरातल्या सीडी होत्या, त्या खराब निघाल्या."

"पुसलं म्हंजी?"

"सगळीकडे शून्य भरलं."

"सुन्य म्हंजी काहीच न्हाई ना?"

"काहीच नाही."

"काहीच न्हाई भरायला सकाळ गेली व्हय तुझी?" ती म्हणाली, आणि त्याला हसू फुटलं, ते त्याने आवरलं नाही, पण ते मध्येच भलत्या बाजूला वळलं आणि त्याला मान खाली घालावी लागली. चिमाबाई उभीच होती. तिने डबा खाली ठेवला. "धरनात गाव गेलं तवा दिसत तरी व्हतं, पानी चढताना," ती म्हणाली. "देवळाचा कळस तेवढा मागं ऱ्हायला व्हता, यष्टीतनं जाताना दिसायचा. मंग त्यो बी गेला." आणि मग, वेगळ्या आवाजात, "आता भितीवर काय लावू रं मी?"

आपण खूप वर्षं खूप गोष्टी मोजून ठेवल्या आणि तिने मागितली ती एकच गोष्ट आपल्याला देता येत नाही, एवढीच नोंद हौशीरामच्या मनाने केली. तो उठला, काहीतरी करायचं म्हणून काठ्यांच्या रांगेतून आत गेला, एकेक सीडी उलटून पाहू लागला. वरची आळी. विहीर. देऊळ. कुठे अक्षर होतं, कुठे तेही नव्हतं. शेताच्या मध्यावरची काठी इतरांसारखी बाभळीची नव्हती. ती सरळ होती, तासलेली होती, आणि तिच्यावरचे पट्टे पावसाने धुऊन निघाले असले तरी एक काळसर, एक पिवळट असे अजून ओळखू येत होते. वरच्या टोकाशी टवका उडालेला होता.

"ती त्यांचीच," चिमाबाई मागून आली. "त्ये गेल्यावर म्या दाराला आडन लावायची तिची. त्यांच्या कानाला लागायची बघ. हितं." तिने स्वतःच्या कानाच्या पाळीला बोट लावलं. मग त्याच्या कोपराला धरून त्याला काठीशेजारी ढकललं. "हुबा ऱ्हा बरं. तुझ्या कुठं लागती बघू."

"आई, तिचं टोक जमिनीत आहे. किती गेलंय ते माहीत नसताना..." त्याने वाक्य सोडून दिलं. जमिनीत किती पट्टे गाडले गेले हे ठाऊक नसताना काठी कुठेही लागली तरी त्यावरून काहीच सिद्ध होणार नव्हतं. शिवाय पायाखालची माती भुसभुशीत होती, आणि तो बूट घालून होता. त्याने बूट काढले. काठीशेजारी उभा राहिला आणि सांगितल्याशिवायच तिला हाताने धरलं. लाकूड त्या ठिकाणी गुळगुळीत होतं.

चिमाबाई पावलापावलाने मागे सरकत गेली, एक धाट मोडलं तरी तिने पाहिलं नाही. कुठवर मागे जायचं हे जणू तिला माहीत होतं. ती थांबली तेव्हा उतरतं ऊन बरोबर तिच्या पाठीशी आलं, तिची नुसती आकृती उरली, आणि सगळा प्रकाश हौशीरामच्या चेहऱ्यावर. वरची सीडी वाऱ्याने फिरली, तिचा कवडसा त्याच्या कपाळावरून गेला. त्याचे डोळे आपोआप बारीक झाले. भुवया खाली आल्या, गाल वर ओढले गेले, वरचा ओठ डाव्या बाजूला जरासा उचलला गेला, दात उन्हात आले. हसू नव्हतं, हसण्यासारखं दिसावं असं काहीतरी. हा ताण त्याच्या ओळखीचा होता. बाहेरून ओळखीचा, कॅमेऱ्याच्या काचेतून, आबांच्या चेहऱ्यावर, एका उन्हाळ्यात, घरामागून घर. आतून तो कसा असतो हे त्याला आज कळत होतं. डोळ्यांत पाणी आलं, ते उन्हाने आलं असणं शक्य होतं. त्याने हात वर करून सावली केली नाही.

"सरळ," समोरच्या काळ्या आकृतीतून आवाज आला. "काठी न्हाई. तू तिरका झालास."

तो सरळ झाला.

"हां," चिमाबाई म्हणाली. मग बघत राहिली. शेजारच्या रानातून राघूंचा थवा उठला, वळून त्यांच्या बाजरीकडे आला, आणि शेताच्या मध्यावर कोणीतरी उभं आहे हे पाहून पुढे निघून गेला.

"आता हलू नगंस," ती म्हणाली. "अजून बघितला न्हाई मी."